दंडापेक्षा लेट फी मोठी होते तेव्हा: शिकागोच्या पार्किंग पावत्यांचा हिशोब

गाडी चुकीच्या जागी लावली, पावती फाडली गेली, पैसे भरले, विषय संपला. पार्किंगच्या दंडाशी बहुतेकांचा संबंध एवढाच येतो. पण दंड वेळेत भरला नाही तर पुढे काय होतं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण तिथून पुढे गाडी कुठे लावली होती, याच्याशी बिलाचा फारसा संबंध राहत नाही. त्या महिन्यात तुमच्या खात्यात किती पैसे शिल्लक होते, यावर सगळं ठरतं.

हे नीट समजून घ्यायचं तर अमेरिकेतलं शिकागो शहर बघावं. तिथे लेट फीची पद्धत टोकाला गेली, तिचे परिणाम आकड्यांत मोजले गेले आणि मग ती बदलण्याचं काम शहरानेच हाती घेतलं.

एका पावतीचं काय होत जातं

शिकागोत राहणाऱ्या प्रत्येक गाडीमालकाला शहराचं स्टिकर विकत घेऊन गाडीच्या काचेवर लावावं लागतं. हा शहराचा वाहनकर. साध्या कारसाठी २०१८ च्या सुमारास तो वर्षाला ९० डॉलरच्या आत होता. स्टिकर नसलेली गाडी रस्त्यावर उभी दिसली की दंड मात्र २०० डॉलर. २०१२ पूर्वी हाच दंड १२० डॉलर होता. तेव्हाच्या सिटी क्लर्क (म्हणजे स्टिकरचं काम बघणाऱ्या, निवडून आलेल्या शहर अधिकारी) सुझाना मेंडोझा यांच्या प्रस्तावावरून तो वाढवला गेला.

आता ही २०० डॉलरची पावती घ्या. नारिंगी पाकिटात ती वायपरखाली अडकवलेली असते. त्यानंतर पैसे भरायला किंवा हरकत घ्यायला थोडे दिवस मिळतात. काहीच केलं नाही तर टपालाने नोटीस येते. तिलाही उत्तर गेलं नाही तर शहर तुम्हाला दोषी ठरवून मोकळं होतं. २०१९ पर्यंत या निर्णयानंतर २५ दिवसांत पैसे आले नाहीत तर दंड दुप्पट व्हायचा, म्हणजे ४०० डॉलर. तरीही थकला तर प्रकरण वसुलीकडे जातं आणि वसुलीचा खर्च म्हणून २२ टक्के आणखी चढतात. ४०० चे २२ टक्के ८८. एकूण ४८८ डॉलर. निम्म्याहून जास्त रक्कम निव्वळ उशिराची. आणि एवढं भरूनही स्टिकर मिळत नाही, ते वेगळं घ्यावंच लागतं.

अशा तीन पावत्या अंतिम होऊन थकल्या की गाडीच्या चाकाला जॅमर लागतो. शिकागोचा जॅमर पिवळाधमक असतो, लांबूनही ओळखू येतो. त्यानंतर २४ तासांत पैसे भरले नाहीत तर गाडी उचलून शहराच्या आवारात नेतात. त्या काळात जॅमरचे १०० डॉलर, टोइंगचे १५० डॉलर आणि आवारात ठेवण्याचं भाडं पहिले पाच दिवस रोज २० डॉलर, पुढे रोज ३५ डॉलर असा दर होता. थकलेल्या पावत्या दहा झाल्या की इलिनॉय राज्याकडून ड्रायव्हिंग लायसन्स निलंबित होत असे.

समजा एखाद्याच्या नावावर स्टिकरच्या तीन पावत्या आहेत. मूळ दंड ६०० डॉलर. दुप्पट होऊन १,२००. वसुलीचे २२ टक्के धरून १,४६४. त्यात जॅमर, टोइंग आणि पाच दिवसांचं भाडं मिळून ३५० डॉलर. म्हणजे १,८१४ डॉलर भरल्याशिवाय गाडी परत मिळणार नाही. ९० डॉलरचं स्टिकर घ्यायचं राहिलं, तिथून ही सुरुवात झाली होती. बरं, तीन पावत्या म्हणजे तीन वेगवेगळ्या चुका असंही नाही. स्टिकर नाही ही एकच गोष्ट, पण गाडी रस्त्यावर उभी आहे तोवर रोज नवी पावती लागू शकत होती. एकाच दिवशी दोन पावत्या लागल्याचीही हजारो उदाहरणं पुढे उघड झाली.

लेट फी असते कशासाठी?

उशीर करणाऱ्याकडून जास्त पैसे घेण्यामागे तीन कारणं दिली जातात, आणि तिन्ही रास्त आहेत. गोंधळ होतो तो ती एकत्र केल्यामुळे.

पहिलं कारण खर्चाचं. नोटीस छापायची, टपालाने पाठवायची, कर्मचाऱ्याने नोंद ठेवायची, याला पैसे लागतात. ते उशीर करणाऱ्याने द्यावेत, हे योग्यच. पण हा खर्च २०० डॉलर नसतो आणि पावती ५० ची असो की २०० ची, साधारण तेवढाच असतो. म्हणजे खर्चापोटीची लेट फी ठरावीक आणि लहान असायला हवी. मूळ दंडाच्या पटीत ती आकारण्याला खर्चाचा आधार नाही.

दुसरं कारण व्याजाचं. शहराच्या हक्काचे पैसे उशिरा आले, तर त्या काळाचं व्याज मागणं चूक नाही. पण २०० चे काही महिन्यांत ४८८ व्हायचे, म्हणजे मुद्दलावर १४४ टक्के वाढ. एवढं व्याज सावकारानेही लावलं तर आपण त्याला लूट म्हणतो.

तिसरं कारण धाकाचं, आणि खरी गफलत इथेच आहे. पुढे दुप्पट भरावे लागतील या भीतीने माणूस आज पैसे भरेल, अशी कल्पना. ज्याच्याकडे पैसे आहेत पण आळस किंवा विसरभोळेपणा आड येतोय, त्याच्या बाबतीत हे खरं ठरतं. ज्याच्याकडे पैसेच नाहीत, त्याच्यावर धाकाचा काय परिणाम होणार? २०० भरता न आलेला माणूस ४०० कुठून भरेल? त्याच्यासाठी रक्कम दुप्पट होणं म्हणजे भरण्याची उरलीसुरली शक्यताही संपणं. आणि पहिल्या माणसासाठी दुप्पट रकमेची गरजच नसते, वेळेवर आलेली आठवण आणि थोडीशी वाढ पुरते.

इतर शहरांनी हा हिशोब वेगळा केला आहे. न्यूयॉर्कमध्ये अग्निशमनाच्या नळासमोर गाडी लावली तर ११५ डॉलर दंड आहे. उत्तर दिलं नाही तर ३० दिवसांनी १० डॉलर, ६० दिवसांनी आणखी २० आणि ९० दिवसांनी आणखी ३० चढतात. एकूण वाढ ६० डॉलर. त्यानंतर प्रकरण निकाली निघून थकबाकीवर वर्षाला ९ टक्के व्याज लागतं. जॅमर तिथेही लागतो, ३५० डॉलरवर थकबाकी गेली की. न्यूयॉर्क काही दयाळू शहर म्हणून प्रसिद्ध नाही, पण तिथली लेट फी पायऱ्यापायऱ्यांनी चढते आणि कुठे थांबेल ते आधी कळतं.

इंग्लंडमध्ये सुरुवात सवलतीने होते. लंडनबाहेरच्या शहरांत गंभीर प्रकारच्या पार्किंग चुकीला ७० पौंड दंड. १४ दिवसांत भरला तर निम्मा, ३५ पौंड. दाद न मागता नोटिशीची मुदतही उलटू दिली तर ५० टक्के वाढून १०५. लवकर भरणाऱ्याचा फायदा असा समोर दिसतो, ही या पद्धतीतली चांगली बाजू. पण तिथलंही दुखणं पुढे आहे. प्रकरण वसुली अधिकाऱ्याकडे गेलं की २०१४ च्या नियमांप्रमाणे आधी ७५ पौंड लागतात, आणि तो दारात येऊन उभा राहिला की आणखी २३५. ज्याला १०५ जमले नाहीत त्याच्या माथी आता ४०० च्या वर.

शहराला पैसे मिळाले का?

शिकागोच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं: शहर चालवायला पैसा लागतो आणि नियम मोडणाऱ्याने तो द्यावा. पावत्यांमधून पैसा येतही होता. २०१६ मध्ये सुमारे २६.४ कोटी डॉलर, म्हणजे शहराच्या ३६० कोटी डॉलरच्या चालू अंदाजपत्रकाच्या जवळपास ७ टक्के. एवढ्या उत्पन्नाची सवय लागली की पावती ही वाहतूक सुरळीत करायची सोय आहे हे मागे पडतं आणि तिच्याकडे जमेची बाजू म्हणून बघितलं जातं. माझ्या मते पुढच्या सगळ्या बिघाडाचं मूळ इथेच आहे.

२०१८ मध्ये प्रोपब्लिका इलिनॉय ही शोधपत्रकारिता करणारी संस्था आणि डब्ल्यूबीईझेड रेडिओ यांच्या पत्रकारांनी शहराच्या पावत्यांची माहिती मिळवून तिचा हिशोब मांडला. स्टिकरचा दंड १२० वरून २०० केल्यावर वर्षाला कोट्यवधी डॉलर जादा येतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात वाढ झाली ती अंदाजाच्या मानाने फारच थोडी. वाढली ती थकबाकी. २०१२ नंतरच्या एकट्या स्टिकरच्या पावत्यांचे २७.५ कोटी डॉलर लोकांच्या अंगावर चढले होते. १९९० पासूनच्या सगळ्या पावत्यांची मिळून थकबाकी १४५ कोटी डॉलर.

हा आकडा वहीत येणं म्हणून दिसतो. पण त्यातला मोठा भाग अशा लोकांकडून येणं होता, ज्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं. आणि ही थकबाकी वसूल करायला माणसं, नोटिसा, जॅमर, टोइंगच्या गाड्या, न्यायालयातले वकील, हे सगळं शहर पोसत होतं.

भार कुणावर पडला

शहराच्या कृष्णवर्णीय वस्त्यांना दहा वर्षांत एकूण पावत्यांपैकी २२ टक्के पावत्या लागल्या होत्या. थकबाकीत त्यांचा वाटा मात्र ४० टक्के. माणशी सर्वाधिक थकबाकी असलेल्या दहा पिनकोडांपैकी आठ कृष्णवर्णीय बहुसंख्येचे. २२ आणि ४० हे दोन आकडे जोडीने बघा. पावती कुणाला किती लागते यात जेवढा फरक आहे, त्याहून फार मोठा फरक लेट फीने केला. सुस्थितीतल्या वस्तीतला माणूस २०० डॉलर भरून मोकळा व्हायचा. एका पगारापासून दुसऱ्या पगारापर्यंत जेमतेम भागवणारा माणूस त्याच पावतीचे ४८८ डॉलर देणं लागायचा. चूक एक, शिक्षा दोन, आणि शिक्षा ठरवणारा निकष फक्त बँकेतली शिल्लक.

यातून एक वेगळीच गोष्ट घडली. लोक पार्किंगच्या पावत्यांपायी दिवाळखोरीचा अर्ज करू लागले. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यातल्या तेराव्या प्रकरणाखाली न्यायालयाच्या देखरेखीत तीन ते पाच वर्षांत हप्त्यांनी देणी फेडता येतात, आणि अर्ज केला की ज्यांचे पैसे येणं आहेत त्यांना वसुली थांबवावी लागते. शहराची देणी असलेले असे अर्ज २००७ मध्ये सुमारे १,००० होते आणि देण्याची मध्यम रक्कम (निम्म्यांचं देणं याहून कमी, निम्म्यांचं जास्त) १,५०० डॉलरच्या आसपास होती. २०१७ मध्ये अर्ज १०,००० च्या वर गेले आणि रक्कम ३,९०० डॉलरच्या घरात.

दिवाळखोरी का? कारण शहराची हप्त्यांची योजना होती, पण तिच्यात शिरायलाच मोठी रक्कम आधी भरावी लागे. दिवाळखोरीचा वकील मात्र आधी काही न घेता अर्ज दाखल करून द्यायचा. गाडी सुटायची, लायसन्स परत मिळायचं, कामावर जाता यायचं. वकिलाची फी त्याच हप्त्यांतून कापली जायची, अनेकांना हप्ते झेपायचे नाहीत, अर्ज रद्द व्हायचा आणि देणं होतं तिथेच. महापालिकेने सोपे हप्ते दिले असते, तर यातल्या कित्येकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती.

पुढे शहराने आणखी ताठर भूमिका घेतली: दिवाळखोरीचा अर्ज केला तरी उचललेली गाडी आम्ही सोडणार नाही. वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ जानेवारी २०२१ रोजी न्यायालयाने एकमताने शहराच्या बाजूने निकाल दिला, की अर्जाआधीच ताब्यात असलेली मालमत्ता नुसती ठेवून घेणं म्हणजे कायद्याने थांबवलेली कृती नव्हे. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर निकालाशी सहमत होत्या, पण त्यांनी वेगळं मत जोडलं. त्यातला मुद्दा असा: आधी न झेपणारा दंड, मग लेट फीने फुगलेली रक्कम, मग गाडी जप्त, आणि गाडी गेल्यावर ते देणं फेडणं आणखी अवघड. या खटल्यातला एक जण शहराच्या दक्षिण भागात राहत होता आणि नोकरी जोलिएटला, ४५ मैलांवर, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर. गाडी नसेल तर हा माणूस कामावर कसा जाणार, आणि कामावर गेला नाही तर शहराचे पैसे कुठून देणार? मला वाटतं, लेट फीची कुठलीही पद्धत तपासताना हा प्रश्न आधी विचारावा.

काय बदललं

मे २०१९ मध्ये लोरी लाइटफूट महापौर झाल्या. क्लर्क ॲना व्हॅलेन्सिया यांनी त्याआधीच दंड आणि शुल्कांचा आढावा घ्यायला गट नेमला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये नगर परिषदेने सुधारणा मंजूर केल्या. स्टिकरचा दंड उशिरापायी दुप्पट होणं थांबलं. एका दिवसात किंवा लागोपाठच्या दिवसांत स्टिकरच्या पावत्यांवर पावत्या देणं बंद झालं. हप्ते सोपे झाले, सुरुवातीची रक्कम कमी झाली, मुदत वाढली. जॅमर लागल्यावर जास्तीचे २४ तास मागता येऊ लागले.

राज्यानेही पाऊल उचललं. गव्हर्नर जे. बी. प्रित्झकर यांनी जानेवारी २०२० मध्ये सही केलेला कायदा १ जुलै २०२० पासून लागू झाला आणि थकलेल्या पार्किंग पावत्यांसाठी लायसन्स निलंबित करणं इलिनॉयमध्ये संपलं. माझ्या दृष्टीने यातली सगळ्यात मोलाची सुधारणा हीच. वाईट गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स काढून घेण्यात रस्त्यावरच्या इतरांचं भलं आहे. पैसे थकवणाऱ्याचं काढून घेतलं की फक्त त्याची कमाई बुडते.

वेळेत भरणाऱ्यांवर अन्याय?

सुधारणेला विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मनापासून विचार करण्यासारखा आहे. आम्ही पोटाला चिमटा काढून वेळेत दंड भरला, मग न भरणाऱ्याला सूट का? हा मुद्दा सरसकट माफीला तंतोतंत लागू पडतो, आणि तिथे मी विरोधकांच्या बाजूने आहे. माफी एकदा दिली की पुढच्या माफीची वाट बघणं हेच शहाणपण ठरतं.

हे आपल्याला नवीन नाही. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून नो-पार्किंगला पहिल्यांदा ५०० रुपये आणि पुन्हा सापडल्यास १,५०० रुपये दंड आहे. ही वाढ उशिराची नाही, पुन्हा केलेल्या चुकीची आहे, आणि तत्त्व म्हणून ते योग्य वाटतं. पण थकलेली ई-चलानं लोकअदालतीत तडजोडीला येतात आणि शेजारच्या राज्यांनी तर उघड सवलती दिल्या. तेलंगणाने २०२२ मध्ये दुचाकींना ७५ टक्के सूट दिली, कर्नाटकने फेब्रुवारी २०२३ मध्ये सरसकट ५० टक्के. मिळकत करात दोन्ही टोकं एकत्र दिसतात: थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढत राहते आणि मग अभय योजनेत तिचा मोठा भाग माफ होतो. आधी न झेपणारी शास्ती, मग तिची माफी. वेळेत भरणारा दोन्ही वेळा नुसता बघत राहतो. मुंबई महापालिकेने जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या आसपासच्या बेकायदा पार्किंगला दंड लावला, तेव्हा टोइंग आणि उशिराचे पैसे धरून अवजड वाहनाची रक्कम २३,२५० रुपयांपर्यंत जात होती. शिकागोचा अनुभव इथे कामाचा आहे तो यासाठी.

हप्ते म्हणजे माफी नव्हे. मूळ दंड पुरता वसूल होतो, फक्त माणसाला झेपेल अशा वेगाने. लेट फी छोटी आणि ठरावीक ठेवणं हीसुद्धा माफी नव्हे. वेळेत भरणाऱ्याचं त्यात काही जात नाही, उलट वसुलीवर होणारा त्याच्याच कराचा खर्च वाचतो.

मग सवलत खऱ्या गरजूलाच मिळेल हे कसं बघायचं? कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून याचं उत्तर दिलं. पार्किंगचा दंड थकला की तिथे गाडीची नोंदणी अडवता येते. पण या कायद्याने आधी अट घातली: उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असलेल्या माणसाला हप्त्यांची संधी द्यायचीच. थकबाकी लहान असेल तर महिन्याचा हप्ता २५ डॉलरच्या वर नाही. योजनेत आला की चढलेली लेट फी माफ, मूळ दंड मात्र पूर्ण. अर्जाचं शुल्क गरिबांसाठी जास्तीत जास्त ५ डॉलर, इतरांसाठी २५. सॅन फ्रान्सिस्कोच्या खजिनदार कार्यालयात तर २०१६ पासून एक स्वतंत्र विभागच शहराचे दंड आणि शुल्कं गरिबांवर कशी पडतात ते तपासतो.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे. हप्त्यांची सोय आहे ही माहिती शहराने लोकांपर्यंत आधीच पोहोचवायची, थेट पावतीवर किंवा नोटिशीवर. शिकागोतले हजारो लोक दिवाळखोरीच्या वकिलाकडे गेले, त्याआधी त्यांच्या हातात शहराकडून आलेले कितीतरी कागद पडले होते. त्यांतल्या पहिल्याच कागदावर, रकमेच्या शेजारी, ठळक अक्षरात महिन्याचा हप्ता छापायला शहराला काहीच खर्च आला नसता.